सौर वीजसंचातील मापनदोष : ओळख व दुरुस्ती

दिनांक ३० मे २०२४ रोजी नागपूर येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतजमिनीवरील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदविले. त्याच दिवशी नागपूर परिसरातील अन्य दोन स्वयंचलित केंद्रांची नोंद मात्र ४४ अंशांच्या आसपास होती. एकाच परिसरात, एकाच दिवशी हवेच्या तापमानात १२ अंशांचे अंतर पडणे संभवनीय नव्हते. भारतीय हवामान विभागाने तपास केला, तेव्हा दोष हवेचा नसून सेन्सरचा, म्हणजे तापमान जाणून घेणाऱ्या उपकरणाचा आहे, असे निष्पन्न झाले. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीतील मुंगेशपूर येथील केंद्राने ५२.९ अंश तापमान नोंदविले होते. तेथील सेन्सर प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिला असता तो सुमारे ३ अंश अधिक दाखवीत असल्याचे आढळले.

या दोन घटनांत एक महत्त्वाचा भेद आहे. नागपूरची चूक इतकी मोठी होती, की शेजारच्या केंद्राकडे नजर टाकताच तिचा संशय यावा. मुंगेशपूरची चूक लहान होती. प्रमाणित उपकरण शेजारी ठेवल्यावाचून ती नेमकी किती, हे कळणे शक्य नव्हते. सौर वीजसंचात याच दोन्ही जातींच्या चुका होतात. मोठी चूक लवकर उघडकीस येते. लहान चूक मात्र महिनोन् महिने लपून राहते व अधिक नुकसान करते.

महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. २०१९ साली केंद्र शासनाची कुसुम योजना आली आणि २०२४ साली घरांच्या छपरांवरील सौर संचांसाठी प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी, हा यांपैकी कृषी वाहिनी योजनेचा मुख्य हेतू आहे. सौर संच आता गावाच्या शिवारात, ग्रामपंचायतीच्या छपरावर व शेतकऱ्यांच्या डाळमिलवर दिसू लागले आहेत. यास्तव संचाची मापे खरी की खोटी, हे पारखण्याची रीत गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधूंस माहीत असणे आवश्यक आहे.

संचातील सेन्सर व त्यांचे कार्य

ग्रिडला जोडलेल्या संचात पॅनेलांवर ऊन पडून एकदिश वीज उत्पन्न होते. इन्व्हर्टर तिचे रूपांतर ५० हर्ट्‌झच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेत करतो व ती महावितरणच्या तारांत सोडतो. या मार्गावर ठिकठिकाणी सेन्सर बसविलेले असतात. त्यांपैकी पुढील चार प्रमुख होत.

पहिला सेन्सर किरणमापक. पॅनेलावर दर चौरस मीटरला किती वॅट ऊन पडते, हे तो सांगतो. दुसरा तापमापक. याचा एक भाग पॅनेलाच्या पाठीस चिकटविलेला असतो व दुसरा सावलीतील हवेचे तापमान मोजतो. तिसरा वीजप्रवाह मोजणारा सेन्सर. तारेभोवती कड्याप्रमाणे बसणाऱ्या या उपकरणास वीज कर्मचारी सीटी म्हणतात. चौथा दाब व वारंवारता मोजणारा सेन्सर. तो इन्व्हर्टरच्या आतच असतो आणि ग्रिडचा दाब मर्यादेबाहेर गेल्यास संच बंद करतो.

लहान घरगुती संचात किरणमापक व तापमापक बहुधा नसतात. तेथे इन्व्हर्टरची मापे व वीजमीटर यांवरच भिस्त ठेवावी लागते. मोठ्या संचात मात्र सर्व प्रकारचे सेन्सर असतात.

खोट्या मापाने होणारे नुकसान

बाजार समितीच्या वजनकाट्यात खोट असेल, तर कापूस चांगला असूनही शेतकऱ्याच्या पदरी कमी पैसे पडतात. सौर संचाचेही तसेच आहे. पुढील हिशेबावरून हे स्पष्ट होईल.

एक संच १० किलोवॅटचा आहे असे समजू. पॅनेलाच्या पृष्ठावर दर चौरस मीटरला ८०० वॅट ऊन पडत आहे व पॅनेलाचे तापमान ५५ अंश आहे. पॅनेलाची क्षमता २५ अंशांस धरलेली असते व त्यावरील प्रत्येक अंशास उत्पादन सुमारे शेकडा ०.४ ने घटते, असे धरू. ३० अंश जास्त म्हणजे शेकडा १२ घट झाली. इन्व्हर्टर, तारा इत्यादींची आणखी शेकडा १० तूट धरली, तर अपेक्षित उत्पादन १० × ०.८ × ०.८८ × ०.९, म्हणजे सुमारे ६.३ किलोवॅट येते.

आता पॅनेलांवर धूळ बसून उत्पादन शेकडा १० ने घटले व ते ५.७ किलोवॅट झाले. किरणमापक स्वच्छ असेल, तर ६.३ व ५.७ यांतील अंतर तात्काळ लक्षात येईल व पॅनेल धुतली जातील. परंतु किरणमापकाच्या काचेवरही तेवढीच धूळ बसलेली असेल, तर तो ८०० ऐवजी ७२० वॅट दाखवील. त्या मापाने अपेक्षित उत्पादनही ५.७ किलोवॅट येईल, ताळेबंद तंतोतंत जुळेल आणि संच उत्तम चालला आहे असा समज होईल. दिवसाला ४० युनिट देणारा संच अशा वेळी रोज ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिट गमावीत असतो व कोणास त्याचा पत्ता नसतो.

याच्या उलट प्रकारही घडतो. पॅनेलाच्या पाठीचा तापमापक उन्हाने चीक सुटून खाली लोंबू लागला, की तो पॅनेलाऐवजी हवेचे तापमान दाखवितो. पॅनेल खरोखर ६० अंशांवर असता माप ४० अंशांचे मिळाले, तर अपेक्षित उत्पादन उगीच वाढून येते व संच शेकडा आठ-नऊने कमी चालतो असे भासते. मग निर्दोष पॅनेलांवर दोषारोप होतो, तंत्रज्ञाच्या खेपा होतात व खर्च वाया जातो.

सबब संचाचे उत्पादन घटल्याचे दिसल्यास प्रथम माप पारखावे व मागाहून पॅनेल तपासावीत. उत्पादन उत्तम दिसत असेल तेव्हाही माप अधूनमधून पारखणे तितकेच अगत्याचे आहे.

दोषांचे प्रकार

सेन्सरचे दोष पुढीलप्रमाणे पाच प्रकारचे असतात. (१) माप एकाच आकड्यावर अडकून राहणे. (२) सर्व मापे ठरावीक अंतराने जास्त किंवा कमी येणे. (३) सर्व मापे ठरावीक प्रमाणात जास्त किंवा कमी येणे. (४) वर्षानुवर्षे माप हळूहळू सरकत जाणे. (५) सैल जोडामुळे माप मध्येच उड्या मारणे अथवा नाहीसे होणे. मुंगेशपूर येथील ३ अंशांसारखी, माप सतत एका बाजूस झुकविणारी चूक नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण असते.

दोष ओळखण्याच्या कसोट्या

पुढील कसोट्यांस महागडी उपकरणे लागत नाहीत. संचाच्या पडद्यावरील किंवा मोबाइलवरील आकडे व एक नोंदवही एवढ्यावर त्या करता येतात.

१. रात्रीची कसोटी. रात्री किरणमापकाचे माप शून्याजवळ असले पाहिजे. १५ किंवा २० वॅट ऊन मध्यरात्री दिसत असेल, तर तेवढीच भर दिवसाच्या मापातही पडत असण्याचा संभव आहे. त्याचप्रमाणे, ज्या संचास बॅटरी नाही त्यातून रात्री ग्रिडला वीज जाणे अशक्य आहे. निरीक्षण यंत्रणेत रात्री वीज बाहेर जात असल्याचे दिसल्यास सीटी उलट्या दिशेने बसविली आहे असा संशय घ्यावा.

२. पहाटेची कसोटी. सूर्योदयापूर्वी पॅनेल व हवा यांची तापमाने जवळजवळ सारखी असतात. निरभ्र रात्री पॅनेल हवेहून किंचित थंडही असते. भर दुपारी मात्र पॅनेल हवेहून साधारणपणे २० ते ३० अंश अधिक तापते. पहाटे मोठा फरक व दुपारी अगदी अल्प फरक दिसत असेल, तर दोहोंपैकी एक तापमापक सदोष आहे किंवा जागेवरून सुटला आहे असे समजावे.

३. मध्यान्हाची कसोटी. नागपूर ७९ रेखांशाच्या किंचित पूर्वेस आहे व भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावरून धरली जाते. त्यामुळे नागपूरला सूर्य माथ्यावर येण्याची वेळ सरासरीने १२ वाजून १४ मिनिटे असते. वर्षभरात ती नोव्हेंबरच्या आरंभी १२ ला तीन मिनिटे कमी असताना, तर फेब्रुवारीच्या मध्यास साडेबाराच्या सुमारास येते. दक्षिणाभिमुख संचाचे सर्वोच्च उत्पादन निरभ्र दिवशी याच सुमारास आले पाहिजे. ते सकाळी पावणेसातला दिसत असेल, तर यंत्राचे घड्याळ साडेपाच तास मागे, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेवर लावलेले आहे हे उघड होय. सेन्सर चांगला असूनही घड्याळ चुकले, तर सर्व हिशेब चुकतो.

४. शेजाऱ्याची कसोटी. एकाच दिशेच्या, सारख्या संख्येच्या पॅनेलांच्या माळा, म्हणजे स्ट्रिंग, सारखाच प्रवाह देतात. एका माळेचा आकडा वेगळा दिसल्यास तंत्रज्ञाने क्लॅम्पमीटरने त्या तारेतील प्रवाह स्वतंत्रपणे मोजावा. क्लॅम्पमीटरवर प्रवाह इतर माळांएवढाच आढळल्यास दोष सेन्सरचा. तोही कमी आढळल्यास दोष माळेचा. तीन किरणमापक असलेल्या संचात दोघांचे जुळले व तिसऱ्याचे जुळले नाही, तर तिसऱ्यावर संशय घ्यावा. दोनच असतील, तर फरक कळतो, पण चूक कोणाची हे कळत नाही. तेव्हा प्रमाणित उपकरणाचाच आधार घ्यावा लागतो.

५. मीटरची कसोटी. इन्व्हर्टरने दाखविलेली महिन्याची युनिटे व महावितरणने मान्य केलेल्या उत्पादन मीटरची युनिटे यांची दरमहा तुलना करावी. तारांतील तुटीमुळे अल्प फरक राहतो. दरमहा सारखाच राहणारा फरक चिंतेचा नाही. एकाएकी वाढलेला फरक चिंतेचा आहे. तीन फेजच्या संचात निरीक्षण यंत्रणा नेमके एक तृतीयांश उत्पादन दाखवू लागली, तर तीनपैकी एक सीटी उलटी असण्याचा फार संभव असतो. दोन फेजची बेरीज होत असता तिसरी वजा होते व शिल्लक एका फेजइतकीच राहते.

६. दाबाची कसोटी. दुपारी इन्व्हर्टर वारंवार बंद पडून ग्रिडचा दाब जास्त असल्याची सूचना देत असेल, तर त्याच क्षणी वीजमीटरवरील दाब वाचावा. दोन्ही आकडे जुळले, तर दाब खरोखरच वाढलेला आहे. फीडरच्या टोकाकडील गावांत दुपारी सौर वीज जास्त व मागणी कमी असता असे घडते. याची तक्रार महावितरणकडे करावी. मीटरवर दाब योग्य व इन्व्हर्टरवर जास्त असेल, तर मधली तार बारीक वा लांब असणे, जोड सैल असणे किंवा इन्व्हर्टरचा सेन्सर सदोष असणे यांपैकी एक कारण असते. तंत्रज्ञाने इन्व्हर्टरच्या टोकाशी दाब मोजल्यास याचा निर्णय लागतो.

दोष नसता दोष भासणारी मापे

काही मापे विचित्र दिसतात, परंतु ती खरी असतात. पावसाळ्यात ढगांच्या फटीतून ऊन पडते, तेव्हा ढगाच्या कडांवरून परावर्तित झालेला प्रकाश त्यात मिसळून किरणमापक क्षणभर १२०० वॅटच्या वर जाऊ शकतो. उष्णतेवर चालणारा किरणमापक निरभ्र रात्री शून्याखाली दोन-तीन वॅट दाखवितो. तो त्याच्या रचनेचा गुणधर्म आहे. उन्हाळ्यात ऊन भरपूर असूनही उत्पादन हिवाळ्यातील थंड, निरभ्र दिवसाच्या मानाने कमी भासते. त्याचे कारण पॅनेलांचे तापणे हे होय. २३ मे २०१३ रोजी नागपूरचे तापमान ४७.९ अंशांवर गेले होते. अशा दिवशी पॅनेल ७० अंशांपर्यंत तापणे स्वाभाविक आहे. अशा मापांवरून सेन्सर बदलण्याची घाई करू नये.

दोषांची दुरुस्ती

किरणमापकाची काच मऊ कापड व स्वच्छ पाण्याने पहाटे पुसावी. ज्या शिवारात मळणी, वीटभट्टी अथवा कच्चा रस्ता जवळ असेल, तेथे हे काम कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा करावे. पुसण्यापूर्वीचे व पुसल्यानंतरचे माप मात्र निरभ्र दुपारी, लागोपाठच्या दोन दिवशी त्याच वेळी वाचून लिहून ठेवावे. त्यांतील फरकावरून धुळीचा अंदाज मिळतो.

किरणमापक पॅनेलाच्याच उताराला व दिशेला बसलेला असावा. नागपूरला डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशच वर असतो. त्या वेळी सपाट ठेवलेल्या किरणमापकावर पडणारे थेट ऊन, २१ अंश दक्षिणेकडे कललेल्या पॅनेलाच्या मानाने शेकडा वीसहून अधिक कमी असते. आधार वाकला असेल किंवा त्यावर झाडाची, तारेची सावली येत असेल, तर प्रथम ती अडचण दूर करावी.

तापमापकाचा चीक सुटला असल्यास पॅनेलाची पाठ स्वच्छ करून उष्णता वाहून नेणाऱ्या चिकटद्रव्याने तो पुन्हा पॅनेलामधील एका पेशीच्या मध्यावर चिकटवावा. नेहमीच्या प्लॅटिनम तापमापकाचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो व दर अंशास सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. तो सोडवून बर्फ व पाणी यांच्या मिश्रणात बुडविला असता मल्टिमीटरवर १०० ओहम आले पाहिजेत. दोन तारांच्या जोडणीत गंजलेल्या जोडाने एक ओहम जरी वाढला, तरी तापमान अडीच अंशांहून अधिक फुगून दिसते. म्हणून सेन्सर बदलण्यापूर्वी जोड घासून, आवळून पाहावेत.

सेन्सर बदलल्यावर त्याच्या प्रमाणपत्रावरील नवा गुणांक नोंदयंत्रात भरणे अत्यावश्यक आहे. हा भाग पुष्कळदा विसरला जातो. समजा, नवा किरणमापक दर वॅटला ८ मायक्रोव्होल्ट देतो व यंत्रात जुन्याचा १० हा गुणांक तसाच राहिला. तर ८०० वॅट उन्हास तो ६४०० मायक्रोव्होल्ट देईल आणि यंत्र ६४० वॅट दाखवील. उपकरण कोरे असूनही माप शेकडा २० ने खोटे राहील.

प्रमाणित उपकरणाशी तुलना केल्यावर फरक सर्वत्र सारखा आढळल्यास तेवढी वजाबाकी किंवा बेरीज करावी. फरक प्रमाणात आढळल्यास गुणाकाराने दुरुस्ती करावी. फरक कधी जास्त, कधी कमी असा अनियमित असल्यास आकडेमोडीने तो सुधारत नाही व सेन्सर बदलणे हाच उपाय उरतो. किरणमापकाची अशी तुलना एक ते दोन वर्षांतून एकदा करून घ्यावी.

सेन्सर बंद असलेल्या काळातील नोंदी खोडू नयेत. त्यांवर सदोष अशी खूण करावी. शेजारच्या सेन्सरवरून अंदाजी आकडा घेतल्यास तो अंदाजी आहे असे स्पष्ट लिहावे.

घ्यावयाची दक्षता

मापावर संशय घेणे योग्य असले, तरी संरक्षक यंत्रणेच्या सूचनेवर मात्र संशय घेऊन चालू नये. पावसाळी सकाळी इन्व्हर्टरने जमिनीत वीज झिरपत असल्याची किंवा आवरण खराब झाल्याची सूचना दिली, तर ती खरी मानूनच संचापासून दूर राहावे व तंत्रज्ञास बोलवावे. ओलसर जोड किंवा उंदराने कुरतडलेली तार हे तिचे कारण असू शकते. सूचना वारंवार येते म्हणून तो सेन्सर बाजूस काढणे वा इन्व्हर्टर पुनःपुन्हा चालू करणे जीवावर बेतू शकते.

पॅनेलांच्या माळेतील एकदिश दाब कित्येक शे व्होल्ट असतो आणि ऊन आहे तोवर तो मुख्य खटका बंद केला तरी माळेत राहतो. चालू प्रवाहात तिची जोडणी सोडविल्यास ठिणगी तुटत नाही व आग लागते. तारेत प्रवाह असता सीटीची दुय्यम टोके कधीही उघडी करू नयेत. तेथे धोकादायक दाब उत्पन्न होतो. वीजमीटर व त्याच्या सीटीचे सील तोडणे हा गुन्हा आहे. तेथील शंकेसाठी महावितरणकडे लेखी अर्ज करून मीटरची तपासणी मागावी.

यावरून कामाची विभागणी उघड होते. आकडे वाचणे, तुलना करणे, काच पुसणे, सावली पाहणे व नोंद ठेवणे ही कामे शेतकरी व गावपातळीवरील कार्यकर्ता यांची होत. झाकण उघडणे, तारा सोडविणे व मोजणी करणे ही कामे परवानाधारक वायरमन अथवा संच बसविणाऱ्या संस्थेचा तंत्रज्ञ यांचीच होत.

नोंदवही

प्रत्येक संचाशेजारी एक साधी नोंदवही असावी. तीत आठवड्यातून एकदा, निरभ्र दिवशी ठरावीक वेळी पुढील बाबी लिहाव्यात : ऊन, पॅनेलाचे तापमान, हवेचे तापमान, इन्व्हर्टरचे उत्पादन, मीटरचे वाचन, ग्रिडचा दाब व काच पुसल्याची तारीख. महिन्यातून एकदा रात्रीचे व पहाटेचे वाचन घ्यावे. एका वर्षाची अशी नोंद हाताशी असली, म्हणजे पुढील वर्षी त्याच महिन्यात माप कोठे सरकले ते तुलनेने सहज दिसून येते. तंत्रज्ञास बोलाविताना ही वही त्याच्यापुढे ठेवावी. संच बिघडला आहे एवढेच सांगण्याऐवजी कोणत्या तारखेपासून कोणते माप कोणाशी जुळेनासे झाले हे त्यास दाखविता आले, तर त्याची एक खेप वाचते व शेतीपंपाची दिवसाची वीजही लवकर पूर्ववत होते.